मास्तर आणि किल्लेदाराची सून

मास्तर माझ्या घरात भाड्यानं राहायला आले आन दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोलीची आतली कडी पेचकसानं काढून टाकली.

म्या विचारलं, "मास्तर, ही काय तऱ्हा? घर माझं, दार माझं, कडी बी माझी."

"कडी तुमचीच आहे आबा. ही घ्या." त्यांनी स्क्रूसकट माझ्या हातात ठेवली. "झोप तेवढी माझी आहे. आतून कडी असली की मला झोप लागत नाही."

लई तापलो मी. पण भाड्याला चुकत नव्हते, दारू न्हाय, तंबाखू न्हाय, बोलणं गोड. दार रात्रंदिस उघडं. गल्लीतली कुत्री त्यांच्या पायथ्याला झोपायची. एकदा आमच्या शेळीनं आत जाऊन उशी फाडली, निम्मा कापूस खाल्ला. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसून बघत होते. म्या हाकलायला गेलो तर म्हणले, "असू द्या, आता उरलाय किती."

परंड्याच्या शाळेत मराठी शिकवून ते रिटायर झालेले. लग्न केलं नव्हतं. आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, रोडापासून आत. इथं ना त्यांचा जमीनजुमला, ना सगासोयरा. आले ते एका नाटकासाठी. नाटकासाठी माणूस बिऱ्हाड हलवतो हे तोवर म्या कुठं ऐकलं नव्हतं.

आता मास्तर न्हायत. गुडघे गेले तवा पुतण्यानं लातूरला नेलं, तिथंच वारले. माझी शाळा चौथीपर्यंतची, लिहायचा सराव न्हाय. पण गावात मास्तरांबद्दल कुणी काय सांगतं, कुणी काय. ज्यांना ठावं न्हाय ते जास्त सांगत्यात. म्हणून मी लिहायला बसलो.

त्यांची खोड अशी, की कुठल्या वस्तूला नुसती वस्तू म्हणून सोडायचंच न्हाय. "हे उगाच नाही," हे त्यांचं बोलणं. कुणाच्या अंगणात उखळ पालथं दिसलं की थांबले. बाईला विचारणार, "पालथं का?" ती म्हणणार, "धुऊन वाळत घातलंय." तरी हे मान हलवत पुढं. एकदा येरमाळ्याला हॉटेलात आमी दोघं बसलो. पोऱ्यानं माझ्याम्होरं एक गिलास ठेवला, त्यांच्याम्होरं दोन. झालं! मास्तर त्या दुसऱ्या गिलासाकडं बघत राहिले. हळूच म्हणले, "हा कुणासाठी रे?"

पोऱ्या म्हणला, "तुमच्यासाठीच. मागल्या टायमाला तुमी पाण्याचा अख्खा जग संपवला."

मास्तर इतके हसले की डोळ्याला पाणी आलं. स्वतःवर हसता यायचं त्यांना. मला न्हाय येत.

नाटकाचं सांगतो. आमच्या गावात यात्रेला एक जुनं नाटक व्हायचं. पुस्तकाचं वरचं पान कवाच गेलेलं, त्यामुळं नाव न्हाय, लिहिणाराचं बी नाव न्हाय. गाव त्याला किल्लेदाराचं नाटक म्हणतं. माझा बाप त्यात पहारेकरी असायचा. पुढं ऑर्केस्ट्रा आले आन नाटक बंद पडलं. पुस्तक देवळाच्या कपाटात राहिलं. ते मास्तरांनी काढलं.

गोष्ट साधी हाय. एक म्हातारा किल्लेदार. दिवस मावळला की दार बंद, मंग बाप आला तरी उघडणार न्हाय, असा त्याचा शब्द. त्याचा पोरगा लढाईवरनं जखमी होऊन अंधार पडल्यावर येतो. भायेरनं हाका मारतो. किल्लेदार म्हणतो, गनिमानं आवाज काढलाय. सून पाया पडती. म्हातारा हलत न्हाय. सकाळी दार उघडतंय तर पोरगा उंबऱ्याला मरून पडलेला.

मास्तर पुस्तक घेऊन बसायचे तवा हातात दोन पेन्सिली, लाल आन निळी. मला वाचायला येळ लागतो, म्हणून ते वाचायचे, मी पाठ करायचो. किल्लेदाराच्या बोलण्यात जिथं दगड तिथं लाल रेघ. छाती दगडाची, शब्द दगडावरचा, दगड फुटंल पण मी न्हाय. सुनेच्या बोलण्यात जिथं पाणी तिथं निळी. ती घागर म्हणती, झरा म्हणती, ओल म्हणती. अख्खं पुस्तक लाल-निळं झालेलं.

"मास्तर, दगड म्हंजे दगड," म्या म्हणलं. "गडावर दुसरं काय असणार?"

"मग सून पाण्याचंच का बोलते? तीही गडावरच आहे."

"तहान लागली आसंल."

"तेच तर म्हणतो मी," मास्तर म्हणले.

पण एक जागा मलाच उमगली, ती सांगतो. दार बंद हाय, पोरगा भायेर, वर पाऊस. सून म्हणती, "मामंजी, दाराखालनं पाणी आत येतंय, आणि ते लाल आहे." किल्लेदार म्हणतो, "बाहेरचा मुरूम लाल आहे." बस, एवढंच. आमच्याकडं मुरूम लालच असतो. पाऊस झाला की वढ्याला लाल पाणी येतं, सगळ्या जगाला ठावं हाय. त्यामुळं किल्लेदार काय खोटं बोलत न्हाय. ते वाक्य पहिल्यांदा बोललो त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाय.

मलाच किल्लेदार का केला, तर मास्तर चारचौघांत म्हणले, "आबांना अभिनय करायची गरज नाही." म्या ते लई दिवस गौरव समजून घेतलं. थोरली बहीण हाय माझी, आक्का, ती आमच्याकडंच असती. तिनं सांगितलं, "येड्या, हट्टी म्हणला त्यो तुला!" तर असू दे. हट्टी हाय म्हणून तर बांधाच्या भांडणात भाऊबंदाला नांगराचं एक तास बी दिलं न्हाय. आजून त्याच्याशी बोलत न्हाय.

मंडपवाल्यानं एकदा लाल मखमलीचं सिंहासन आणून ठेवलं. मास्तरांनी ते टेम्पोत परत चढवलं. मंडपवाला म्हणला, "सर, फुकट देतोय की! किल्लेदार काय उभाच ऱ्हाणार का?"

"उभाच राहणार. पुस्तक बघा. अख्ख्या नाटकात तो एकदाही बसत नाही. शेवटी बसतो, पोराच्या प्रेताजवळ, भुईवर. खुर्ची ठेवली तर ते बसणं दिसेल का कुणाला?"

म्हणून स्टेजवर तीनच वस्तू. दार, घागर आन सुनेच्या हातातल्या बांगड्या.

आता मला माझ्या घरातलं सांगावं लागंल. माझा एकुलता एक पोरगा येरमाळ्याच्या घाटात टेम्पो उलटून गेला. मास्तर यायच्या आदल्या वर्षी. मंडळी आमच्या त्याच्या आधीच गेलेल्या. घरात मी, आक्का आन सूनबाई. सूनबाईला माहेर असं उरलं न्हाय. ती राहिली, आन म्या कवा जा म्हणलं न्हाय. पोरगा गेला तवा बायकांनी रीत होती ती केली. सूनबाईचे हात मोकळे झाले ते झालेच. आमच्यात पुन्हा भरत न्हायत. कासारीण गल्लीत आली, लिंबाखाली पोतं हातरून बसली, की सगळ्या बायका गोळा व्हायच्या आन आक्का म्हणायची, "सूनबाई, आत जाऊन दाळ निवड." ती आत जायची. कुणी वाईट बोलत नव्हतं तिला. पण सणाला न्हाय, वटीला न्हाय, बारशाला मागं. वय म्हणाल तर पोरच.

बापानं पोरगा गमावल्याचं नाटक, आन ते तू करतोस, असं लोक मला म्हणले. मास्तरांनी मात्र ते कवा काढलं न्हाय. म्या बी काढलं न्हाय.

तालीम देवळाच्या मंडपात, दुपारची. चहा आमच्या घरनं जायचा. सूनबाई किटली आणून पायरीवर ठेवायची, वर यायची न्हाय. थोडा येळ तिथंच उभी राहून तालीम आन मास्तरांचं वाचन ऐकायची. एकदा घरी भाकरी थापता थापता मला म्हणली, "मामा, ती शेवटी पाण्याचं कायच बोलत न्हाय."

"कोण?"

"किल्लेदाराची सून."

म्या मास्तरांना सांगितलं. त्यांनी पुस्तक चाळलं आन म्हणले, "बरोबर. शेवटच्या पानावर निळी रेघ नाही." मंग पायरीकडं बघत राहिले.

नाटकातली सून म्हंजे रोडवरच्या हॉटेलवाल्याची पोरगी. दहावीपर्यंत सोलापूरला मावशीकडं, विंग्रजी शाळेत. पोरगी धीट, पाठांतर चोख, पण मराठी पुस्तकी. शेवटाला पोचलो त्या दिवशी काय झालं ते गावात सगळ्यांना ठावं हाय, पण नीट कुणी सांगत न्हाय.

पुस्तकात असं हाय. किल्लेदार प्रेताजवळ बसतो. सून येती. किल्लेदार म्हणतो, "सूनबाई, बांगड्या वाढवा." मंग कंसात, सून बांगड्या वाढवते. पडदा.

रोजच्या तालमीला फोडायला म्हणून मास्तरांनी हिरव्या बांगड्यांचा एक डबा आणून ठेवला होता. मी बसलो, ओळ म्हणलो. पोरगी पुढं आली. डबा उघडला, आन एक एक बांगडी काढून हातात घालाय लागली. मनगटात आधीच्या हायतच, त्याच्या वर आजून. एक, आजून एक. शांतपणे. प्रेताकडं बघत.

पहारेकरी हसायला लागला. प्रेत बी उठून बसलं आन म्हणलं, "अगं ए, वाढव म्हंजे फोड! येवढं बी ठावं न्हाय का तुला?"

पोरगी लाल झाली. "मग फोड असं का नाही लिहिलं? वाढव म्हणजे वाढव ना?"

"आमच्या बायका फोड म्हणत न्हायत. तोंडातनं वंगाळ काढायचं न्हाय म्हणून वाढव म्हणत्यात. नारळ वाढवत्यात तसं," म्या सांगितलं.

"मला नव्हतं माहीत!"

मास्तरांनी हात वर केला. ते खाली पायरीवर जाऊन बसले, किटलीच्या शेजारी. सूनबाई तिथंच पदर धरून उभी. तिथनं मास्तर बोलले. आवाज असा, की मागल्या माणसाला नीट ऐकू जाईना.

"लोकांना फोडणं सोसत नाही, म्हणून त्यावर चांगला शब्द झाकण घातलाय. या पोरीनं झाकणच खरं मानलं." मंग माझ्याकडं वळून, "असंच करायचं. पुस्तकातलं एक अक्षर बदलायचं नाही."

"अवो मास्तर," म्या म्हणलं, "नवरा म्होरं मेलाय, आन ही बांगड्या भरती?"

"भरते."

"म्हंजे काय समजायचं?"

जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं मला म्हणलं, "मला माहीत नाही."

दिवेलागणीच्या आत गावभर झालं. आक्का उंबऱ्यात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलाय लागली. "देवीच्या म्होरं रांडाव बाई बांगड्या भरणार! आन भरायला सांगणार सासरा! आन सासरा कोण, तर आमचा ह्यो! घरात काय हाय ते दिसत न्हाय व्हय रे तुला? लोक काय म्हणत्याल, नाटकातनं घरचं सांगतोय म्हणत्याल!" सूनबाई आत चुलीपाशी. सगळं ऐकू जात होतं तिला.

मी मास्तरांच्या खोलीत गेलो. म्या म्हणलं, "मी न्हाय करत."

"बरं," मास्तर म्हणले. काय आढेवेढे न्हाय. "मग तुमच्या भाऊबंदाला विचारतो."

"त्याला? त्याला आवाज हाय का? शेळीगत बोलतंय ते!"

"आवाज नाही. पण सांगितलं तिथं उभा राहील."

मी दारापर्यंत गेलो आन वळलो. कुत्रं माझ्याकडं बघत होतं. मंग म्हणलं, "करतो मी. पण ती ओळ मी फोडायच्याच अर्थानं म्हणणार. आमच्यात तोच अर्थ हाय."

"म्हणा की. ओळ तुमची आहे. पोरगी काय करायचं ते करेल." थोडं थांबून म्हणले, "बघणाऱ्यानं काय घ्यायचं ते मात्र आपल्या कुणाच्या हातात नाही, आबा."

पुढच्या सगळ्या तालमीत म्या ती ओळ दगडासारखी म्हणलो. हुकूम दिल्यासारखी. पोरगी तरी भरत राहायची. मास्तरांनी दोघांना बी तसंच करू दिलं.

यात्रेला नाटक सांजच्यालाच उभं केलं. मंडप गच्च. म्होरं बाप्ये, एका अंगाला बायका, आक्का पहिल्या वळीत. सगळ्यात मागं, मंडपाच्या खांबाला टेकून, सूनबाई. मला स्टेजवरनं तिचं लुगडं दिसत होतं, तोंड दिसत नव्हतं.

मुरमाच्या वाक्याला मंडपात कुणी हाललं न्हाय. मंग दार उघडलं. प्रेत आणलं. मी बसलो. इतका येळ उभा राहिलेला माणूस खाली बसला की लोकांच्या बी पायातलं बळ जातं, हे मला तवा कळलं. एका अंगाला बायका मुसमुसत होत्या. पोरगी डबा घेऊन म्होरं उभी राहिली. माझी ओळ आली.

म्या पोरीकडं बघायचं, असं ठरलेलं. म्या बघितलं न्हाय. मान वर केली आन त्या खांबाकडं बघून म्हणलो, "सूनबाई, बांगड्या वाढवा."

कसा आवाज लागला ते मला सांगता येत न्हाय. हुकूम नव्हता. घरात म्या कवा तसं बोललेलो न्हाय.

पोरीनं डबा उघडला. एक एक बांगडी चढत गेली, माईकमधनं काचेचा आवाज मंडपभर. टाळी न्हाय, शिट्टी न्हाय. आक्का उठून गेली. पडदा पडला तवा मी खांबाकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं.

आतल्या अंगाला मास्तर उभे होते. म्हणले, "पडदा उशिरा पडला." चेहरा धुवायला गेले ते लई येळ आलेच न्हायत.

दुसऱ्या दिवशी यात्रेची कासारीण सकाळीच आमच्या गल्लीत आली. लिंबाखाली पोतं हातरलं. बायका जमल्या. आक्का रात्रीपासनं माझ्याशी बोलत नव्हती. तिनं आत बघून म्हणलं, "सूनबाई, दाळ निवड."

मी वसरीवर बसलेलो. म्हणलं, "आण ते सूप हिकडं. दाळ मी निवडतो."

आक्का बघतच राहिली. "तू?"

"व्हय, मी. खडा काढायला काय डिग्री लागती का?"

सूनबाईनं सूप आणून माझ्याम्होरं ठेवलं. मी निवडाय लागलो. आता तिच्या हाताला काम राहिलं न्हाय. दारापर्यंत गेली आन थांबली. उंबऱ्याच्या आत. लिंबाखालच्या सगळ्या बायका हिकडंच बघत होत्या, कासारणीच्या हातातलं काम बी थांबलं होतं. एवढ्या डोळ्यांतनं पाय टाकायचा म्हंजे सोपं न्हाय. मला वर बघायचा धीर झाला न्हाय, मी आपला दाळीत बघत होतो. वाटलं, आता वळती माघारी.

तेवढ्यात मास्तर खोलीतनं भायेर आले. तोंडाला दातवणाचा फेस, खांद्यावर टावेल. सरळ लिंबाखाली गेले, बायकांत मांडी घातली आन कासारणीपुढं आपला केसाळ हात केला. "भरा."

"अगं बया! सर, तुमाला?"

"मला. हिरव्या. मोजून चार."

सगळी गल्ली फुटली हसून. एक म्हातारी म्हणली, "सर, लगीन ठरलं का काय?" दुसरी म्हणली, "नवरा कोण, ते तरी सांगा!" कासारणीनं खरंच हात दाबून बांगडी चढवायला बघितली, ती पहिल्यालाच कट्कन गेली. मास्तर ओरडले, "अहो, वाढली!" बायका पोट धरून हसत होत्या. कुणाचंच लक्ष आमच्या दाराकडं नव्हतं.

म्या मान वर केली तर सूनबाई मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली होती. तिनं हात पुढं केला.

हसणं हळूहळू थांबलं. मास्तर उठले आन चूळ भरायला हौदाकडं गेले. कासारणीनं सूनबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला. शेतातल्या कामानं तो हात रुंद झालेला, आंगठ्याचं हाड वर आलेलं. साबणाचं पाणी लावलं, हाड दाबलं, तरी पहिली बांगडी जाईना. आक्का दारात उभी होती. आत गेली न्हाय.

मी सूप बाजूला ठेवून उठलो, लिंबाखाली गेलो. बायकांनी डोईवरचा पदर सावरला, जागा दिली.

कासारीण आजून जोरानं दाबत होती. सूनबाईनं ओठ धरले होते दातात.

"दुखतंय का?" म्या विचारलं.

"व्हय मामा, लई दुखतंय," ती म्हणली. पण हात मागं घेतला न्हाय.